प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न बदला: शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शिक्षणमंत्री महोदय यांस,

विषय: इयत्ता सहावी ते आठवीच्या मूल्यमापनात मजकूर व माध्यमे पारखण्याच्या कौशल्याचा समावेश करण्याबाबत.

महोदय,

गेली एकोणीस वर्षे मी सहावी ते आठवीच्या वर्गांना भाषा शिकवते आहे. उत्तरपत्रिका तपासताना एक गोष्ट मला दर वर्षी अधिक अस्वस्थ करते, आणि तीच आपल्यापुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. उताऱ्यावरच्या प्रश्नांना माझी मुले चांगली उत्तरे देतात. कोण कोठे गेले, त्याने काय पाहिले, हे ती बिनचूक लिहितात, कारण उत्तर उताऱ्यातच असते आणि ते शोधून जसेच्या तसे उतरवायचे असते, हे त्यांना पक्के ठाऊक असते. प्रश्नपत्रिकेत छापलेला प्रत्येक उतारा खरा मानूनच उत्तर द्यायचे असते. तो कोणी लिहिला, कशासाठी लिहिला, त्यातले कोणते विधान पडताळता येईल आणि कोणते केवळ मत आहे, असे आम्ही तीन वर्षांत एकदाही विचारत नाही. हीच मुले घरी जाऊन मोबाइलवर आलेला मजकूर वाचतात, तेव्हा तोही तसाच वाचतात.

एका वर्षी सहामाही परीक्षेच्या आदल्या दिवशी ‘उद्याची परीक्षा रद्द’ अशी सूचना मुलांच्या घरच्या फोनवर फिरली. तिच्यावर बोधचिन्ह होते, जावक क्रमांक होता, खाली सही-शिक्का होता. सातवीतली काही मुले अभ्यास न करता आली, दोघे आलेच नाहीत. विश्वास का ठेवला असे मी विचारले तेव्हा एक मुलगी म्हणाली, “बाई, शिक्का होता ना.” दुसरा मुलगा म्हणाला, “चार ग्रुपांवर आला होता.” ही दोन उत्तरे मी विसरू शकत नाही, कारण माणूस फसतो त्याची दोन मोठी कारणे त्यांत आली आहेत: एक बाह्य रूप आणि दुसरे पुनरावृत्ती. एखादे विधान पुन्हा पुन्हा कानांवर पडले की ते अधिक खरे वाटू लागते, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७७ सालीच प्रयोगाने दाखवून दिले आहे. मुलांचा यात दोष नाही. आम्ही त्यांना दुसरी कसोटी दिलीच नव्हती.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर ‘प्रायोजित मजकूर’ असे स्पष्ट लिहिलेली जाहिरात होती, तरी ‘मिडल स्कूल’मधल्या, म्हणजे साधारण आपल्या सहावी ते आठवीच्या वयाच्या, ८० टक्क्यांहून अधिक मुलांनी तिला बातमी मानले. त्याच संस्थेतील संशोधकांनी पुढच्या वर्षी प्रसिद्ध केलेले काम मला त्याहून महत्त्वाचे वाटते. त्यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यापीठातले विद्यार्थी आणि व्यवसायाने तथ्यपडताळणी करणारे लोक अशा ४५ जणांना काही अनोळखी संकेतस्थळे तपासायला दिली. विद्यार्थी आणि बरेचसे इतिहासकारही त्याच पानावर थांबून ते बारकाईने वाचत राहिले, त्याची मांडणी आणि बोधचिन्ह पाहून मत बनवत राहिले, आणि फसले. पडताळणी करणाऱ्यांनी मात्र ते पान लगेच सोडले आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय सांगतात ते शोधले. त्यांना कमी वेळ लागला आणि त्यांचे निष्कर्षही अधिक अचूक ठरले.

महोदय, भाषेच्या शिक्षिकेला हे पचवणे सोपे नाही. ‘उतारा पुन्हा एकदा लक्षपूर्वक वाचा’ हेच मी आयुष्यभर सांगत आले. साहित्य वाचताना ते योग्यच आहे, पण अनोळखी स्रोताबाबत मुलांना उलटी सवय लावावी लागते: थांब, बाहेर जा, हे सांगणारा कोण आहे ते बघ, आणि मग वाचायचे की नाही ते ठरव. कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्रे आणि आवाज तयार होऊ लागल्यापासून तर याची निकड वाढली आहे. बनावट चित्रातल्या हाताला बोटे कमी-जास्त आहेत का ते मोजण्यासारख्या युक्त्या यंत्र सुधारले की निकामी होतात. हे चित्र प्रथम कोणी, केव्हा, कोठे प्रसिद्ध केले हा प्रश्न जुना होत नाही.

स्रोत कळल्यावरही मजकुराची भाषा उरतेच, आणि तिथे आमच्या विषयाकडे मोठे भांडार आहे, ज्याला आम्ही हातही लावत नाही. ‘झाड पडले’ आणि ‘झाड पाडले’ यांत एका कान्याचा फरक आहे, पण पहिल्या वाक्यात कर्ता शोधण्याची गरजच वाटत नाही आणि दुसऱ्यात तो शोधावाच लागतो. ‘काच फुटली’ आणि ‘काच फोडली’, ‘जमाव पांगला’ आणि ‘जमाव पांगवला’ यांचेही तसेच. आम्ही मुलांना कर्मणी प्रयोग ओळखायला शिकवतो, त्याला गुण देतो, आणि तिथेच थांबतो. ‘निर्णय घेतला गेला’ या वाक्यातला प्रयोग माझा प्रत्येक विद्यार्थी ओळखेल. पण निर्णय कोणी घेतला आणि लेखकाने त्याचे नाव का टाळले असावे, हे विचारायचे असते असे त्याला कोणी सांगितलेले नसते. मी एकाच घटनेच्या दोन बातम्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते आणि क्रियापदांखाली रेघा ओढायला सांगते. दहा मिनिटांत वर्ग जागा होतो. ‘सूत्रांनुसार’ म्हणजे कोण, ‘म्हटले जाते’ म्हणजे कोण म्हणते, शीर्षकात प्रश्नचिन्ह टाकले की लेखक कोणत्या जबाबदारीतून सुटतो, हे प्रश्न मग मुलेच विचारू लागतात. ज्या व्याकरणाचा त्यांना कंटाळा असतो, ते त्या तासाला त्यांच्या हातातले साधन होते.

इतर विषयांतही जागा आहे. ४८ आणि ५० या संख्यांचे स्तंभ काढताना अक्ष ४७ पासून सुरू केला, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसतो. गणिताच्या एका तासिकेत मुलांनी हा फसवा आलेख स्वतः काढला, की तो त्यांना पुन्हा सहसा फसवत नाही.

एक धोका मात्र मला स्वतःच्या चुकीतून कळला, आणि तो आपल्यापासून लपवणे योग्य होणार नाही. मी हे पाठ घ्यायला लागले त्या पहिल्या वर्षी केवळ खोट्याची उदाहरणे दाखवली. वर्षअखेरीस आठवीतला एक हुशार मुलगा मला म्हणाला, “म्हणजे बाई, सगळेच खोटे असते.” त्याला मी विचार करायला शिकवले नव्हते, त्याच्या हातून विश्वास काढून घेतला होता. ज्याला सगळेच खोटे वाटते त्यालाही फसवणे सोपेच असते, कारण मग तो फक्त आपल्या आवडीचे तेवढे उचलतो. तेव्हापासून माझे निम्मे तास विश्वासार्ह काय असते यावर असतात. चूक झाल्यावर शुद्धिपत्र छापणारे वृत्तपत्र कमी भरवशाचे नसून अधिक भरवशाचे का, संशोधक आपली पद्धत उघड का करतात, ‘अजून पुरेशी माहिती नाही’ असे सांगणारी बातमी प्रामाणिक का असते, हे मुलांना समजावून सांगावे लागते. शासनाने या विषयात काही करायचे ठरवले आणि त्याचे स्वरूप केवळ ‘खोट्या बातम्यांपासून सावध राहा’ अशा भित्तिपत्रकांचे झाले, तर माझीच चूक हजारो वर्गांत होईल.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. नवा विषय नको, आधीच भरलेल्या वेळापत्रकात नवी तासिका नको, पाठ्यपुस्तकात व्याख्या पाठ करून घेणारे नवे प्रकरण तर मुळीच नको. फिनलंडने २०१६ पासून लागू केलेल्या अभ्यासक्रमात विविध प्रकारचे मजकूर वाचण्याचे, पारखण्याचे आणि घडवण्याचे कौशल्य स्वतंत्र विषय न करता सर्व विषयांत विणले आहे, आणि तीच दिशा मला योग्य वाटते. पण शाळेत प्रत्यक्षात तेच शिकवले जाते जे परीक्षेत विचारले जाते, हे आपण जाणताच. म्हणून भाषा, इतिहास, विज्ञान आणि गणित यांच्या प्रत्येक सत्र परीक्षेत एक प्रश्न असा असावा, ज्यात मुलांनी पूर्वी न पाहिलेला मजकूर, चित्र किंवा आलेख दिलेला असेल, आणि तो किती भरवशाचा आहे व ते कशावरून ठरवले, हे त्यांनी कारणांसह लिहायचे असेल. गुण निष्कर्षाला न देता कारणांना द्यावेत. या प्रश्नाचे ठरावीक उत्तर मार्गदर्शिकेत छापता येणार नाही.

त्यासाठी शिक्षकांना प्रशिक्षण लागेल, आणि ते सभागृहातल्या व्याख्यानाने होणार नाही. आम्हालाही अनोळखी मजकूर हाती घेऊन चुकावे लागेल. माध्यमशिक्षणासाठी शिक्षकांचे प्रशिक्षण हवे, हे युनेस्कोच्या परिषदेतील ग्रुनवाल्ड जाहीरनाम्याने १९८२ सालीच सांगितले होते. आणखी एक संरक्षण आम्हाला हवे आहे. खरी बातमी वर्गात आणली की ती कोणाच्या ना कोणाच्या मताला टोचतेच. पालकाची किंवा स्थानिक पुढाऱ्याची तक्रार आली, की शिक्षक एकटा पडतो आणि पुढच्या वर्षी निरुपद्रवी उतारे निवडतो. वेगवेगळ्या बाजूंचे मजकूर शेजारी ठेवून त्यांची चिकित्सा करणे हा अध्यापनाचाच भाग आहे, असे आपल्या परिपत्रकात स्पष्ट शब्दांत नमूद व्हावे.

पुढील शैक्षणिक वर्षाची मूल्यमापन योजना ठरण्यापूर्वी काही शाळांत दोन सत्रे हा प्रश्न वापरून पाहण्यास आपण परवानगी द्यावी, ही विनंती. माझ्या वर्गात वापरलेले नमुना प्रश्न आणि मुलांनी दिलेली उत्तरे, चुकलेल्या उत्तरांसह, आपल्या विभागाकडे सुपूर्त करण्यास मी तयार आहे.

आपली विश्वासू,
भाषा विषयाची एक शिक्षिका