मूळ संख्या तपासताना कुठे थांबायचं

मुलुंड (पूर्व), मुंबई ४०००८१

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहीत ९१, ११९ आणि २२१ या तिन्ही मूळ संख्या म्हणून लिहिलेल्या दिसल्या. दहापर्यंतच्या पाढ्यांत त्या भेटत नाहीत, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण ९१ म्हणजे ७ × १३, ११९ म्हणजे ७ × १७ आणि २२१ म्हणजे १३ × १७. पाढा आठवला नाही म्हणून संख्या मूळ होत नाही, भागून बघावंच लागतं. फक्त कुठवर भागायचं ते नीट समजून घे.

विभाजक नेहमी जोडीने लिही. ८४ घे: १ × ८४, २ × ४२, ३ × २८, ४ × २१, ६ × १४, ७ × १२. पुढे ८ आणि ९ ने भाग जात नाही, आणि १० × १० तर ८४च्या वर गेले. म्हणजे संपलं. जोडीतला लहान विभाजक वर्गमुळापेक्षा मोठा असूच शकत नाही, कारण दोन्ही मोठे असतील तर गुणाकार संख्येच्या पुढे जाईल. ८४चे विभाजक १२ झाले. ३६ सारख्या वर्गसंख्येत ६ × ६ मधला ६ एकदाच मोजायचा, म्हणून तिथे विभाजक ९, विषम.

हाच नियम मूळ संख्येला लाव. १९७ आणि २२१ दोन्ही १४च्या वर्गापेक्षा (१९६) मोठ्या आणि १५च्या वर्गापेक्षा (२२५) लहान. म्हणून २, ३, ५, ७, ११, १३ एवढ्यांनीच भागायचं. ४, ६, ९ ने कशाला? ४ ने भाग जात असता तर २ नेच गेला असता. १९७ला २, ३, ५ ने भाग जात नाही. ७ ने बाकी १, ११ ने १०, १३ ने २. मूळ. २२१ला ७ ने बाकी ४, ११ ने १, आणि १३ ने निःशेष. तू ११ वर थांबलीस, तिथेच चुकलं.

तीन अंकी कोणतीही संख्या असो, ३१ पर्यंतच्या अकरा मूळ संख्या पुरतात, कारण पुढची ३७ आणि तिचा वर्ग १३६९.

आता वरचा पिनकोड बघ. ७ × ११ × १३ = १००१. म्हणून सहा अंकी संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन गट करून वजाबाकी करायची: ४०० − ८१ = ३१९. हे का चालतं? ४०००८१ म्हणजे ४०० × १००१ मधून ३१९ वजा. पहिल्या भागाला ७, ११, १३ ने भाग जातोच; उरला प्रश्न ३१९चा, आणि ३१९ = ११ × २९. म्हणून आपल्या पिनकोडला ११ ने भाग जातो. विलेपार्ले पूर्वचा ४०००५७: वजाबाकी ३४३, म्हणजे ७ × ७ × ७, म्हणून ७ ने. कांदिवली पूर्वचा ४००१०१: २९९, म्हणजे १३ × २३, म्हणून १३ ने.

इथे एक खड्डा आहे. चिंचबंदरचा ४००००९ घे. वजाबाकी ३९१, आणि ३९१ = १७ × २३. म्हणून पिनकोडलाही १७ ने भाग जाईल असं वाटेल, पण बाकी १६ उरते. २३ नेही १६च. १००१ मध्ये १७ आणि २३ नाहीत, म्हणून ही युक्ती त्यांच्याबद्दल काहीच सांगत नाही. ४००००९ मूळ आहे का हे वर्गमुळाच्या रीतीने ठरवायचं तर ६३१ पर्यंतच्या ११५ मूळ संख्या तपासाव्या लागतील. शेकडो अंकी संख्येला ही रीत संगणकालाही झेपत नाही. तिथे वेगळं गणित लागतं, आणि अशा संख्यांसाठीही वेगवान आणि खात्रीची कसोटी २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. मला याचं फार अप्रूप वाटतं.

विभाज्य आणि विभाजक यांत घोळ झाला तर एवढंच बघ: विभाजक संख्येएवढा किंवा लहान, आणि मोजून संपणारा, विभाज्य संख्येएवढी किंवा मोठी, कधीच न संपणारी. ८ आणि १२चा लसावि काढताना थेट ९६ लिहू नकोस. दोघांत ४ सामाईक आहे, म्हणून २४.

आणि १ मूळही नाही, संयुक्तही नाही.

८९९ आणि ९९७ तपासून पाठव. नुसतं उत्तर नको, प्रत्येक भागाकाराची बाकी लिही.

तुझी,
आई