गेमच्या परताव्याचे दोन तास

महोदय,

पीसीवरचे नवे गेम आता डीव्हीडीवर जवळजवळ मिळत नाहीत, ते स्टीमसारख्या ऑनलाइन दुकानातून डाउनलोड करावे लागतात. स्टीमचा परताव्याचा नियम असा की, खरेदीला १४ दिवस झालेले नसावेत आणि गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असावा. वरवर पाहता रास्त. पण घड्याळ सुरू होते ते गेम उघडल्या क्षणी, आणि खेळ मात्र तेव्हा सुरू होतोच असे नाही.

याचे कारण शेडर. प्रकाश, सावली, पाणी पडद्यावर कसे दिसावे हे ठरवणारे हे छोटे प्रोग्राम असतात. सोनीच्या प्लेस्टेशन ५ या गेमयंत्रात ग्राफिक्स चिप ठरलेली, त्यामुळे ते आधीच तयार करून देता येतात. पीसीत प्रत्येकाचे ग्राफिक्स कार्ड वेगळे, ते चालवणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर वेगळा, म्हणून हे काम ग्राहकाच्या यंत्रावर होते. मार्च २०२३ मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ पीसीवर आला, तेव्हा कमी ताकदीच्या प्रोसेसरवर त्यातच तासभर जात होता. मेनू बघत बसण्यात परताव्याची निम्मी मुदत खलास! त्यात ड्रायव्हर बदलला की तयार शेडरचा आधीचा साठा बाद होतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जे गेम ही तयारी आधी करत नाहीत, ते खेळताना नवे काही समोर आले की गचके खातात. रिझोल्युशन कमी करून हे गचके जात नाहीत, कारण ताण प्रोसेसरवर असतो.

चुकीचे संदेश हा आणखी एक वैताग. इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीच्या काही प्रोसेसरवर शेडरचे काम चालू असताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असे सांगून गेम बंद पडत. प्रत्यक्षात दोष प्रोसेसरच्या व्होल्टेजचा होता. २०२४ मध्ये बायोस (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) अपडेटमधून त्यावर उपाय आला. मात्र बिघडून गेलेली चिप त्याने दुरुस्त होत नाही, ती वॉरंटीत बदलूनच घ्यावी लागते.

विक्रीवरच्या बंधनांची तऱ्हा तर न्यारीच. मे २०२४ मध्ये सोनीने ‘हेलडायव्हर्स २’ या गेमला आपल्या प्लेस्टेशन नेटवर्क या ऑनलाइन सेवेचे खाते सक्तीचे केले. हे नेटवर्क जिथे नाही अशा सुमारे पावणेदोनशे देश-प्रदेशांत स्टीमवरची विक्री थांबली. ओरड झाल्यावर काही दिवसांतच सक्ती मागे घेतली गेली. भारत त्यातून वाचला. पण २०१४ मध्ये ‘ड्रॅगन एज : इन्क्विझिशन’ अश्लीलताविरोधी कायद्याच्या भीतीने ईए या गेम कंपनीने स्वतःहूनच भारतात विकला नाही, आगाऊ नोंदणीचे पैसे परत केले. विकत घेतलेला गेमही कायम राहील असे नाही: ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले आणि एकट्याने खेळता येणारा भागही त्यासोबत गेला.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, ग्राहकाला मिळतो तो फक्त परवाना आहे हे विक्रेत्याला स्पष्ट सांगावे लागते. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ऑनलाइन फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढलीच आहेत. आता गेमच्या किमतीशेजारीच सक्तीचे खाते आणि सर्व्हरवरचे अवलंबन ठळक छापायला लावावे. शेडर तयार होण्याचा वेळ दोन तासांतून वगळायला लावावा.

तोवर ग्राहकांनी स्टीमच्या पानावर उजवीकडचा रकाना वाचावा. बाहेरचे खाते लागते का, डेन्युवो (चोरट्या प्रती रोखणारी प्रणाली) आहे का, हे तिथे लिहिलेले असते. डेन्युवोच्या अनेक गेमना दिवसात पाच वेगवेगळ्या यंत्रांची मर्यादा असते, आणि लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणाऱ्या प्रोटॉनची आवृत्ती बदलली तरी ते नवे यंत्र धरले जाऊ शकते. ड्रायव्हर अपडेट करायचा तो पहिल्यांदा गेम उघडण्याआधीच. शेडरची टक्केवारी आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट पुरावा म्हणून काढून ठेवावेत. दोन तास उलटून गेले तरी परताव्याचा अर्ज करता येतो. नियमाबाहेरच्या अर्जांचाही विचार करू, असे स्टीमच्याच धोरणात लिहिले आहे.

— एक वाचक, ठाणे