पाटाकाठच्या पायवाटा सायकलस्वारांना सुचवू नयेत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परदेशातील सायकल-सहलींविषयीचे लेखन आता मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत अधूनमधून येऊ लागले आहे, याचा माझ्यासारख्या सायकलस्वाराला आनंदच आहे. खडीच्या, मातीच्या आणि अर्धवट डांबरी वाटांवर चालणाऱ्या ग्रॅव्हल बाइकसाठी स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रांताची शिफारस त्यात हमखास असते. ती शिफारस योग्यच आहे. माझी हरकत आहे ती द्राक्षमळ्यांच्या वरून जाणाऱ्या जुन्या पाटांच्या काठच्या पायवाटाही सरसकट सायकलमार्ग म्हणून सुचवल्या जातात, याला.

हे पाट तेथे का आहेत, हे समजले की अडचणही समजते. व्हॅले म्हणजे मुख्यतः ऱ्होन नदीचे वरचे खोरे. त्याच्या उत्तरेला बर्नीज आल्प्स आणि दक्षिणेला पेनाइन आल्प्स असल्यामुळे पावसाचे ढग दोन्ही बाजूंनी अडतात आणि खोऱ्याच्या तळाशी असलेल्या सियों या राजधानीत वर्षाला जेमतेम 600 मिलिमीटर पाऊस पडतो. ऊन भरपूर, दक्षिणेकडे तोंड केलेले उतार आणि मधूनच वाहणारा फोएन नावाचा उष्ण, कोरडा वारा, यांमुळे हा स्वित्झर्लंडचा सर्वांत मोठा वाइन-प्रांत झाला असून देशाच्या एकूण द्राक्षलागवडीपैकी सुमारे तृतीयांश क्षेत्र एकट्या या प्रांतात आहे. परंतु उन्हाबरोबर तहानही आली. म्हणून मध्ययुगापासून तेथील गावकऱ्यांनी हिमनद्यांतून वितळणारे पाणी मैलोन्‌मैल वळवून उतारांवर आणले, कोठे जमीन खोदून, तर कोठे सरळसोट कड्याला लाकडी पन्हळी टांगून. या पाटांना तेथील फ्रेंच भाषक ‘बिस’ म्हणतात आणि जर्मन भाषक ‘झुओने’. कोणाची पाण्याची पाळी केव्हा, याची नोंद लाकडी पट्ट्यांवर खाचा पाडून ठेवली जात असे. युरोपातील सात देशांच्या अशा पारंपरिक सिंचनपद्धतींना युनेस्कोने 2023 मध्ये अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात स्वित्झर्लंडही आहे.

पाण्याला वाहते ठेवायचे तर पाटाचा उतार अगदी सौम्य असावा लागतो. त्यामुळे खड्या डोंगरात जवळजवळ सपाट जाणारी, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला मळे असलेली ही वाट नकाशावर पाहताच सायकलस्वाराला मोह पडतो. मोह समजण्यासारखा आहे, पण ती वाट पाटाची देखभाल करणाऱ्या माणसाला एकट्याने चालता यावे एवढ्याच रुंदीची केलेली आहे. सियोंच्या वरच्या उतारांवरून जाणाऱ्या क्लावो पाटाच्या काठी मळ्यांच्या ताली, म्हणजे दगडी भिंतींनी धरून ठेवलेले पायऱ्यांसारखे तुकडे, आहेत. तेथे समोरून चार पादचारी आले तर सायकलस्वाराने पाण्यात उतरावे की खालच्या तालीवर, असा प्रश्न पडावा. अधिक उंचीवरचे काही पाट तर कड्यालाच लटकलेले आहेत.

शिवाय हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. स्वित्झर्लंडच्या वाहतूक कायद्याच्या 43 व्या कलमानुसार जे मार्ग मोटारींसाठी वा सायकलींसाठी योग्य नाहीत किंवा उघडच त्यांच्यासाठी नाहीत, त्यांवर ही वाहने नेता येत नाहीत, आणि त्याचे उदाहरण म्हणून कायद्यानेच पदपथ व भ्रमंतीच्या पायवाटा यांचा उल्लेख केला आहे. या कायद्याचा अंमल सर्वत्र सारख्याच कडकपणे होतो असे नाही, आणि काही वाटा पादचारी व सायकलस्वार या दोघांसाठी खुल्या ठेवलेल्या असतात. तथापि हे स्थानिक पाटीवरून ठरते, लेखकाच्या उत्साहावरून ठरत नाही. पिवळ्या पाट्या पायी चालणाऱ्यांसाठी आणि गडद लाल पाट्या सायकलींसाठी, हा भेद तेथे देशभर पाळला जातो. तसेच लाल कडेचे, आत कोरे पांढरे असलेले गोल चिन्ह सायकलींसह सर्व वाहनांना मनाई करते. त्याच गोलात मोटार आणि मोटारसायकल यांची चित्रे असतील तर मात्र सायकलला जाता येते. एवढे दोन ओळींत सांगितले तरी वाचकाचा पुष्कळ मनस्ताप वाचेल.

पाट वगळले तर मग ग्रॅव्हलसाठी उरते काय, असे कोणी विचारील. भरपूर उरते. ब्रिगपासून मार्तिन्यीपर्यंत खोऱ्याच्या तळाने जाणारा राष्ट्रीय सायकलमार्ग क्रमांक 1 बराचसा नदीच्या बांधाला धरून आहे. सिएर आणि लॉइक यांच्यामध्ये फिन नावाचे पाइनचे मोठे संरक्षित जंगल आहे, आणि फ्रेंच व जर्मन भाषांची सीमाही त्याच परिसरातून जाते. या जंगलात नेमून दिलेला रस्ता सोडू नये, एवढे पथ्य पाळले तर तेथील सावलीचा पट्टा दुपारच्या उन्हात मोलाचा वाटतो. याखेरीज उतारांवर मळेवाल्यांच्या गाड्यांसाठी केलेले असंख्य रस्ते आहेत. ते सगळेच खडीचे नाहीत, पुष्कळ ठिकाणी डांबर किंवा सिमेंट आहे आणि नेमके तेथेच चढ सर्वांत तीव्र असतो. मऊ मातीच्या अपेक्षेने गेलेल्याची थोडी निराशा होईल. मला स्वतःला या रस्त्यांचे हे मिश्र रूप आवडते, कारण ग्रॅव्हल बाइक बनली आहे ती नेमकी अशाच रस्त्यांसाठी.

येथे दुसऱ्या उणिवेकडे वळतो. मार्गांची वर्णने किलोमीटरमध्ये केली जातात, चढाईचे आकडे मात्र गाळले जातात. ब्रिग ते मार्तिन्यी हे अंतर सुमारे 80 किलोमीटर आहे आणि त्यात उंची 200 मीटरच्या आसपास कमी होते. याउलट फिस्प ते फिस्परटर्मिनन ही सफर पाहा. खोऱ्यातले फिस्प समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटरवर आणि फिस्परटर्मिनन हे गाव 1,378 मीटरवर आहे. मधल्या उतारावरचे द्राक्षमळे जवळपास 1,150 मीटरपर्यंत चढत जातात आणि युरोपातील सर्वांत उंच मळ्यांत त्यांची गणना होते. हायडा ही पांढरी वाइन तेथलीच. अंतर पाहिले तर ही दुसरी सफर पहिलीच्या मानाने क्षुल्लक वाटेल, पण पाय वेगळेच सांगतील. दातेरी चक्रांचा सर्वांत हलका गिअर एकास एक (पायडलच्या एका फेऱ्यात मागच्या चाकाचा एकच फेरा) किंवा त्याहूनही हलका नसेल तर बहुतेकांना हा चढ सायकल ढकलतच पार करावा लागेल. टायर 40 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असावेत, आणि उतरताना लांबच लांब ब्रेक लावावे लागणार असल्यामुळे ब्रेकचे पॅड आधीच तपासलेले बरे.

पहिल्या सफरीलाही एक मेख आहे. उन्हाळ्यात दुपार झाली की डोंगरउतार तापतात आणि जिनिव्हा सरोवराच्या बाजूने खोऱ्यात वर चढणारा वारा सुटतो. मार्तिन्यीजवळ नदी जेथे काटकोनात वळते तेथे तो विशेष जाणवतो. म्हणजे नकाशात उताराचा दिसणारा मार्ग दुपारी तोंडावर वारा घेत कापावा लागतो, आणि मार्तिन्यीहून वर जाणाऱ्याला चढ असूनही पाठीवर वारा मिळतो. सकाळी लवकर खाली उतरावे किंवा दुपारी वर जावे, हे साधे गणित छापील वर्णनांत क्वचितच आढळते. दमल्यावर परतीची सोय मात्र उत्तम आहे, कारण ब्रिग, फिस्प, लॉइक, सिएर, सियों आणि मार्तिन्यी ही सर्व स्थानके एकाच रेल्वेमार्गावर आहेत. सायकलीचे तिकीट वेगळे घ्यावे लागते, हे लक्षात ठेवावे.

मळे ही लोकांची कामाची जागा आहे, याचाही सहलीच्या वर्णनांत विसर पडतो. अनेक ताली इतक्या अरुंद आहेत की तेथे ट्रॅक्टर चालत नाही; म्हणून वेलींवर बुरशीनाशकाची फवारणी काही भागांत हेलिकॉप्टरने केली जाते. फवारणी चालू असताना रस्ता अडवलेला दिसला तर थांबावे किंवा दुसरी वाट धरावी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी असते तेव्हा निमुळत्या रस्त्यांवर द्राक्षांच्या पेट्या घेतलेली वाहने उभी असतात, आणि त्या काळात आपण अडथळा आहोत हे पाहुण्यानेच ओळखायला हवे. मळ्यांच्या तालींच्या भिंती चुन्याशिवाय, दगडावर दगड बसवून रचलेल्या आहेत. जवळची वाट काढण्यासाठी त्यांवरून सायकल खांद्यावर घेऊन चढणारे महाभाग एखादा दगड ढिला करतात आणि पुढच्या पावसाळी आठवड्यात त्याचा हिशोब मळेवाल्याला चुकवावा लागतो. या रचनेची विद्याही युनेस्कोच्या यादीत 2018 पासून आहे, अर्थात ढासळलेली ताल पुन्हा रचणाऱ्याला त्या मानाचा फारसा उपयोग नाही.

वाइनविषयी फार लिहीत नाही. स्विस वाइनचा अगदी थोडा हिस्सा देशाबाहेर जातो, त्यामुळे फाँदाँ किंवा प्तीत आर्विन चाखायची तर तेथेच जावे लागते, हे खरे. मात्र रक्तातील मद्याची 0.5 प्रति हजार ही मर्यादा तेथे सायकलस्वारालाही लागू आहे. ‘मळ्यामळ्यांतून चाखत चाखत सायकल चालवा’ असे आमंत्रण देणाऱ्या मजकुराशेजारी ही मर्यादा छापायला हवी.

आणखी एक गोष्ट. 2018 च्या सार्वमताने सायकलमार्गांना स्विस राज्यघटनेत स्थान मिळाले, त्यावर आधारलेला कायदा 1 जानेवारी 2023 पासून लागू झाला, आणि प्रांतांनी 2027 च्या अखेरीपर्यंत मार्गांच्या जाळ्याचे आराखडे करायचे आहेत. शिवाय ऱ्होनच्या पूरनियंत्रणाची कामे दीर्घकाळ चालणार असून 2024 च्या जूनअखेर आलेल्या पुराने व्हॅलेत मोठे नुकसान केले होते. आज लिहिलेला मार्ग दोन वर्षांनी तसाच असेल याची खात्री नाही.

म्हणून आपणास विनंती अशी की, अशा कोणत्याही मार्गाचे वर्णन छापताना अंतराबरोबर एकूण चढ, रस्त्याचा पृष्ठभाग, माहिती कोणत्या महिन्यातील व वर्षातील आहे, आणि तो मार्ग सायकलींसाठी अधिकृतपणे खुला आहे की नाही, हे चार तपशील लेखकांकडून अवश्य मागवून घ्यावेत. चौथा तपशील मिळत नसेल तर मार्गाचा तेवढा तुकडा गाळावा. लेख थोडा आखूड झाला तरी चालेल.

आपला विश्वासू,
एक सायकलस्वार वाचक