गारीगारचा काही दोष नव्हता

वडगाव, बेळगाव
रविवार, रात्री उशिरा

बंड्या,

दोनदा तुझा फोन आला आणि दोन्ही वेळा मी उचलला नाही. रागावला असशील, रागाव. मला जे सांगायचंय ते फोनवर सांगायला लागलो की तू मध्येच ‘अरे सोड रे आता’ म्हणणार आणि मी सोडून देणार. पस्तीस वर्षं तेच चाललंय. म्हणून लिहितोय.

आधी घरचं उरकतो. आई बरी, गुडघे तसेच. माझं बीपी गोळीवर आहे. पावसानं मागावरच्या सुताला ओल धरते, कामाचे हाल आहेत. चिऊ आजारी होती, आता शाळेत जातेय.

तिच्या आजाराचंच सांगायचंय. खरं म्हणजे तुझ्या बहिणीचं, बेबीचं.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी चिऊ शाळेतून आली आणि दप्तर न काढताच सोप्यात आडवी झाली. ताप १०२. थुंकीसुद्धा गिळवेना. शनिवारी जवळच्याच एका डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी घशात बघितलंच नाही. तीन दिवसांच्या गोळ्या लिहिल्या आणि रक्ताची ‘एएसओ’ तपासणी करायला सांगितली. संध्याकाळी रिपोर्ट आला, आकडा दोनशेच्या वर, ठळक छापलेला. प्रयोगशाळेतला पोरगा म्हणाला, ‘हे जास्त आलंय, हार्टचं बघून घ्या.’ बायकोनं माझ्याकडं बघितलं. ती बेबीला लग्नानंतरच ओळखते, पण तिच्या छातीची गोष्ट तिला ठाऊक आहे.

गोळ्या आणल्या होत्या, पण दिल्या नाहीत. हे तीन दिवसांत मिटणारं दुखणं नव्हे, एवढं आपल्या दोघांना जितकं माहीत आहे तितकं या गल्लीत कुणाला असणार? रविवार कसाबसा काढला. ताप उतरला की चिऊ हसायची, चढला की भिंतीकडं तोंड करून निजायची. सोमवारी पावसातच टिळकवाडीतल्या बालरोगतज्ज्ञांकडं गेलो.

बंड्या, त्या माणसानं तपासलं कसं ते मी डोळ्यांत साठवून आणलंय, कारण मी चिऊला बघतच नव्हतो. मला सारखी सात वर्षांची बेबी दिसत होती.

त्यांनी आधी कागद बाजूला ठेवला. म्हणाले, ‘एएसओ म्हणजे घसा धरणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं. ती वाढायला लागायलाच आठवडाभर जातो, आणि तीन ते सहा आठवड्यांनी ती सगळ्यात जास्त असतात. ताप कालपरवाचा आहे. हा आकडा मागच्या कुठल्यातरी दुखण्याचा असू शकतो. आज घशात काय आहे, ते यात दिसत नाही.’ पुढं कधी सांधे दुखायला लागले तर ही तपासणी कामाची, असंही म्हणाले. बायको हुंदका गिळून बसली होती, तिनं तिथं पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

मग विचारायला लागले. खोकला आहे? नाही. नाक वाहतंय? नाही. आवाज बसलाय? नाही. या तिन्हीपैकी काही असतं तर बहुतेक विषाणूचा घसा, म्हणाले, त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. घसा दुखणाऱ्या दहा मुलांत दोन-तीनच या स्ट्रेप्टोकॉकसची असतात. मग जबड्याखाली पुढच्या बाजूला दोन बोटांनी दाबलं, चिऊ कळवळली. चपटी काडी जिभेवर ठेवली, बॅटरी मारली आणि मला म्हणाले, ‘या, बघा.’ टॉन्सिल लालभडक सुजलेल्या, त्यांवर दह्याची कवडी सांडल्यासारखे पांढरे ठिपके. ताप, खोकला नसणं, गळ्यातल्या दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवरचा पांढरा थर, या चारांचा एकेक गुण, आणि वय तीन ते चौदा असलं तर आणखी एक. १९८१ साली सेंटॉर नावाच्या डॉक्टरांनी मोठ्या माणसांसाठी हे चार गुण मांडले, वयाचं नंतर जोडलं गेलं. चिऊला पाचांपैकी पाच. गणितात कधी मिळाले नाहीत, असं मी म्हटलं तर ती त्या तापातही रुसली.

आणि पाच असूनसुद्धा ते म्हणाले, ‘एवढं सगळं जुळलं तरी साधारण निम्म्याच मुलांत हा जंतू सापडतो. म्हणून नुसतं बघून औषध द्यायचं नाही, पट्टी लावायची.’

पट्टीसाठी आधी कापसाचं लांब बोंड. दोन्ही टॉन्सिलांवर आणि घशाच्या मागच्या भिंतीवर घासायचं, जिभेला आणि गालाला लागू द्यायचं नाही. चिऊनं पहिलं बोंड चावलं. दुसऱ्या वेळी बायकोनं डोकं धरलं, मी हात धरले, चिऊला उबळ आली, डोळ्यांतून पाणी, झालं. त्यांच्याजवळ झटपट तपासणी होती. एका नळीत थेंब थेंब औषध, त्यात बोंड घोळवायचं, मग पट्टी बुडवायची. दहा मिनिटं. एक रेघ आली म्हणजे पट्टी चालली, दोन आल्या म्हणजे जंतू आहे. एकच आली.

मी उठलोच होतो. ते म्हणाले, ‘बसा. ही पट्टी हो म्हणाली तर बहुतेक खरं असतं. नाही म्हणाली तर लहान मुलांत मी विश्वास ठेवत नाही. खरे आजारी असलेल्या शंभरांतले पंधराएक तिच्या हातून सुटतात.’ दुसरं बोंड कल्चरला, म्हणजे बशीत जंतू उगवतो का ते बघायला पाठवलं. अँटिबायोटिक आधी दिलं होतं का, विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, बरं केलंत, नाहीतर जंतू उगवलाच नसता आणि आपण फसलो असतो. दोन दिवस थांबायला माझा जीव धजत नव्हता. ते त्यांना दिसलं असणार. म्हणाले, ‘दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी संधिवाताचा ताप, सांध्यांवरून हृदयाच्या झडपांवर जाणारा, टळतो. आज चौथा आहे.’

नऊ दिवस, बंड्या. तिथंच माझ्या डोक्यात मोजणी सुरू झाली ती अजून थांबलेली नाही.

बुधवारी रिपोर्ट आणायला मीच गेलो. तिथली बाई कन्नड बोलणारी, मी विचारत राहिलो तसं तिनं बंद बशी उजेडाकडं धरली आणि ‘इल्लि नोड्री’ म्हणाली. मेंढीच्या रक्ताचा लालभडक थर, त्यावर खसखशीएवढे करडे दाणे, आणि प्रत्येक दाण्याभोवती लाल रंग पुसून काच दिसावी तसं स्वच्छ कडं. जंतूनं रक्त विरघळवलेलं. एका जागी औषधाची छोटी गोल चकती ठेवलेली, तिच्याभोवती मात्र काहीच उगवलं नव्हतं. त्या औषधाला हा जंतू टिकत नाही, म्हणून ओळख पटते, असं तिनं मोडक्या मराठीत समजावलं. मी तिथंच उभा राहिलो. आपण एवढी वर्षं ज्याच्यावरून भांडलो तो हा. खसखशीएवढा.

त्याच दिवशी अमॉक्सिसिलिन सुरू केलं, दहा दिवस. तिसऱ्या दिवशी चिऊ अंगणात नाचत होती. आई म्हणाली, आता कशाला औषध? मी आईवर ओरडलो. जन्मात पहिल्यांदा.

आता बेबीचं.

१९८९ चा मे. राजहंसगड. दोन सायकली, बेबी तुझ्या नळीवर. येळ्ळूरच्या पायथ्याला गारीगारवाला. पैसे दोघांच्याच पुरते होते म्हणून माझ्या गारीगारचा लाल अर्धा मी खाल्ला आणि उरलेला बेबीला दिला. तीन दिवसांनी तिचा घसा धरला. काकींनी हळदमिठाच्या गुळण्या दिल्या, गळ्याला लेप लावला, चौथ्या-पाचव्या दिवशी ती खेळायला आली. शाळा सुरू झाली आणि तिचा गुडघा सुजला. मग घोटा, मग दुसरा गुडघा. वाढीचं दुखणं म्हणाले सगळे. पुढचं तुलाच जास्त माहीत.

‘तुझ्या गारीगारनं’ हे तू मला दहावीत म्हणालास, हायस्कूलच्या नळापाशी. दोन वर्षं आपण बोललो नाही. १ नोव्हेंबरच्या, सीमाप्रश्नाच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत तू पुढं, मी मागं, घोषणा एकच आणि तोंडं दोन दिशांना. तेव्हाही दर एकविसाव्या दिवशी तू तिला पेनिड्यूरला, त्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनला न्यायचास. नर्स ती बाटली दोन तळहातांत घोळवायची, दुधासारखं दाट औषध, जाड सुई. येताना बेबीला बसवायचं नाही, म्हणून तू सायकल हातात धरून चालवत आणायचास आणि ती शेजारून लंगडत यायची. मी माडीवरून बघायचो. खाली उतरलो नाही.

मी डॉक्टरांना विचारलं. थंड खाल्ल्यानं हे होत नाही. बर्फानं जंतू येत नाही. तो माणसाकडून माणसाकडं जातो, थुंकीतून, खोकल्या-शिंकेतून, उष्ट्यातून, आणि दोन ते पाच दिवसांत घसा धरतो. गारीगारचा काहीच दोष नव्हता, बंड्या.

पण ऐक. जे तुला कधी सांगितलं नाही ते हे. गडावर जायच्या आधी चार दिवस मी तापानं पडून होतो. घसा. खोकला नव्हता. गळ्यात गाठी आल्या होत्या, आईला गालगुंड वाटलं आणि तिनं चुना-हळद लावली होती. ती पुसून, काही न सांगताच मी तुमच्याबरोबर आलो, कारण मी आलो नाही तर तू गण्याला नेणार होतास. माझे गुण मी आता मोजलेत. पाच निघतात. पांढरे ठिपके कुणी बघितले नव्हते म्हणून चार म्हण. आणि ते उष्टं गारीगार माझं.

डॉक्टरांना हेही सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, शाळेतून, गल्लीतून, कुठूनही आलं असेल, आज कुणी सांगू शकत नाही. घसा धरलेल्यांतल्या फार थोड्यांना पुढं तो ताप येतो, तिलाच का आला याला उत्तर नाही. मुद्दा एवढाच की तेव्हा कुणी पट्टी लावली नाही आणि दहा दिवस औषध दिलं नाही. मला हे पटतं. दिवसा पटतं.

तुझ्या नव्या घराचे फोटो बघितले, चिंचवडला एवढा उजेड मिळतो हे चांगलं. पोराच्या बारावीचं टेन्शन घेऊ नकोस. आणि त्याचा घसा दर दोन महिन्यांनी धरतो म्हणतोस तर डब्यातल्या उरलेल्या गोळ्या देऊ नकोस, एकदा पट्टी लावून घे. खोकला-सर्दी असेल तर बहुतेक काही नसतं. वहिनींना नमस्कार.

बेबी गेल्या रविवारी निपाणीहून आली होती. फुगा घालून झडप उघडल्यापासून माडी चढते, दमते पण चढते. चिऊसाठी कुंदा आणला होता. चिऊनं तिला बोंड कसं चावलं त्याचा नाच करून दाखवला आणि बेबी पोट धरून हसली. मी तिच्यासमोर चहा ठेवला आणि तोंडाशी आलेलं परत गिळलं. ती गणपतीला पुन्हा येणार आहे. तू येतोस ना? तिला मी सांगू, की तू आधी सांगतोस? तू म्हणशील तसं. पण या वेळी सोड म्हणू नकोस.

तुझाच,
बाळ्या