वाटीतले बुडबुडे: रात्रपाळीच्या सिस्टरांना पत्र

सिस्टर,

तुमचं पूर्ण नाव मला कधी कळलंच नाही. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, सगळे तुम्हाला नुसतं सिस्टर म्हणायचे, मीही तेच म्हणत राहिले. तुम्हालाही माझं नाव आठवत नसेल. बाळ मात्र आठवेल. २६व्या आठवड्यात झालेली, ८४० ग्रॅमची, दाराजवळच्या वॉर्मरमधली, त्या ऊब देणाऱ्या पाळण्यातली मुलगी. ९४ दिवस ती तुमच्याकडे होती.

हे पत्र खरं तर केव्हाच लिहायला हवं होतं. लिहायला बसले की डोळे भरून यायचे आणि राहून जायचं. आजही भरून येताहेत, पण आज लिहून संपवणार आहे.

घरी सोडायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी आमचं अभिनंदन केलं, आणि माझ्या पोटात गोळा आला. व्हेंटिलेटर सुटला होता, श्वासाला हवेच्या दाबाचा आधार देणारा सीपॅप सुटला होता, पण ऑक्सिजन काही सुटला नव्हता. गरोदरपणाच्या हिशेबानं ३६ आठवडे उलटून गेले तरी तो लागतच होता, म्हणून कागदावर 'बीपीडी' अशी तीन अक्षरं आली, म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या बाळांना होणारा फुफ्फुसांचा दीर्घ आजार. त्यांचा अर्थ मला कोणी समोर बसवून सांगितला नाही. दोन डॉक्टर माझ्या डोक्यावरून आपसात बोलत होते, त्यातून मी तो गोळा केला. विचारलं तर उत्तर आलं, "ते तुम्हाला कळणार नाही. सांगितलंय तेवढं करा." घरी न्यायचं ऑक्सिजनचं मशीन घेऊन आलेला माणूस खोकं टेकवून, "पुस्तिकेत सगळं आहे" म्हणून निघून गेला. पुस्तिकेत सगळं मोठ्या माणसांचं होतं. त्या मशीनचा काटा मिनिटाला अर्ध्या लिटरच्या खाली उतरतच नव्हता आणि आमच्या लेकीला हवा होता पाव लिटर. तिच्यासाठी वेगळा, बारीक मापाचा फ्लोमीटर, म्हणजे ऑक्सिजन किती सोडायचा ते मोजणारं उपकरण, लागतो, हे लक्षात आलं ते तुमच्या. तुमच्या कामात ते बसतही नव्हतं.

कामाचा ताण होता, असं मला नंतर पुष्कळांनी समजावलं. असेल. पण ताण तुम्हालाही होता ना? त्या रात्री तुमच्यावर आणखी तीन बाळं होती.

मला त्या शेवटच्या रात्रीबद्दलच लिहायचंय. दोन वाजून गेले होते. मी मॉनिटरवरच्या, तिच्या रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्क्यांच्या आकड्याकडे टक लावून बसले होते. ९३, ९१, ९४. तुम्ही शेजारी स्टूल ओढलंत, मोठ्या माणसाच्या नळीचं नवं पाकीट फोडलंत आणि ती नळी माझ्या नाकाला लावलीत. "आज तुम्ही बाळ व्हा," म्हणालात. ऑक्सिजन पाव लिटरवर ठेवलात. मला काहीच जाणवेना. मी विचारलं, बंद आहे का? तुम्ही वाटीत पाणी घेतलंत आणि नळीची टोकं त्यात बुडवलीत. बारीक बुडबुडे वर आले.

"चालू आहे. एवढाच आधार लागतो तिला, बाकीचा श्वास तीच घेते."

सिस्टर, तोवर माझी समजूत अशी होती की ते मशीनच माझ्या मुलीला जगवतंय. वाटीभर पाण्यातले ते चिमुकले बुडबुडे बघितले आणि तिच्या छातीकडे मी पहिल्यांदा वेगळ्या नजरेनं पाहिलं.

मग तुम्ही बाळाची नळी गालावर धरून ठेवणारी चिकटपट्टी माझ्याच गालावर लावलीत आणि मलाच ओढून काढायला सांगितलीत. चांगली झोंबली. "आता लक्षात राहील," एवढंच बोललात. राहिलं. तिची पट्टी मी आजवर एकदाही कोरडी ओढलेली नाही.

घरी आल्यावर तिसऱ्याच रात्री अलार्म वाजला. आकडा ८४. माझे हात थरथरत होते, पण तुम्ही लावलेला क्रम हातांना पाठ होता. आधी बाळ, मग नळी, मग मशीन. ओठ निळे नव्हते, पण नाकपुड्या फुलत होत्या. नळी वाटीत धरली. बुडबुडे नाहीत! माग काढत गेले, तर पाळण्याच्या पायाखाली नळी दबलेली. सोडवली, बुडबुडे आले, नळी पुसून परत लावली आणि आकडा एकेक पायरी चढत ९० च्या वर गेला. सिलिंडर उघडायची वेळही आली नाही. मी तिथेच जमिनीवर बसून रडले, आणि सगळा वेळ तुमचाच आवाज कानात होता.

तुमच्याबरोबर आणखीही माणसं आठवतात. दोन्ही हात चोळून ऊब आल्याशिवाय बाळाला न शिवणारा तो तरुण डॉक्टर. बाळं झोपलेली असली की बादली आवाज न करता टेकवणाऱ्या मावशी. यातलं काही कुठल्या नोंदवहीत लिहिलं जात नसेल. आमच्या घरात मात्र अजून रोज कोणी ना कोणी तुमची आठवण काढतं.

लेक आता नऊ महिन्यांची आहे. जन्मानंतरही काही वर्षं फुफ्फुसात नवे वायुकोश तयार होत राहतात, असं डॉक्टरांनी सांगितलंय. त्या एका वाक्यावर आम्ही कितीतरी दिवस काढलेत. दिवसाचा ऑक्सिजन सुटला. गालांवरच्या पट्टीच्या खुणा फिकट होत चालल्यात. रात्री झोपताना तेवढा तो लागतो, तोही आता पाव लिटरपेक्षा कमी.

वाटी अजून उशाशी असते. नळी लावायच्या आधी मी ती पाण्यात बुडवून बघते. आणि सिस्टर, आता ती ते बुडबुडे बघून खुदकन हसते.

तुमची,
दाराजवळच्या बाळाची आई