हा एक तास मोजायचा कुठून?

मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद.

महोदय,

कॅशलेसच्या, म्हणजे रुग्णालयाचं बिल कंपनीने परस्पर भरावं यासाठीच्या, अर्जावर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यावा आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असं आपल्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकात स्वच्छ लिहिलंय. त्यासाठीची व्यवस्था कंपन्यांनी ३१ जुलै २०२४ पर्यंत उभी करायची होती. नियम चांगला आहे. पण हा एक तास मोजायचा कुठून?

कंपनीला अर्ज मिळाल्यापासून, असं नियम म्हणतो. अर्ज पाठवतं रुग्णालय, घेतो टीपीए (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारा मध्यस्थ), आणि त्या दोघांत काय चाललंय याचा पेशंटच्या माणसांना पत्ता नसतो. रुग्णालयातला टीपीए डेस्कवाला म्हणतो, कधीच पाठवलाय. कॉल सेंटर म्हणतं, अजून आलेला नाही. दोघांपैकी खरं कोण बोलतंय ते आम्ही कसं ठरवायचं?

मी निवृत्त बँक कर्मचारी, त्यामुळे सोसायटीत कुणाला रात्रीबेरात्री ॲडमिट करायचं झालं की कागदांसाठी मला सोबत नेतात. गेल्या पावसाळ्यात शेजाऱ्यांना हार्ट अटॅक आला. कॅज्युअल्टीत उपचार ताबडतोब झाले, त्याबद्दल तक्रार नाही. आधी जीव वाचवा, सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात बजावलंय. रखडपट्टी सुरू होते ती त्यानंतर. स्टेंट बसला, माणूस आयसीयूत गेला, आणि बिलिंगच्या खिडकीवरून निरोप आला की मंजुरी येईपर्यंत डिपॉझिट भरा. मंजुरीऐवजी आली क्वेरी : रक्तदाबाचा त्रास कधीपासून? पहिल्या तपासणीचा कागद जोडा. नवरा आयसीयूत आणि वहिनी मध्यरात्री घरी कपाट उपसतायत!

ती पॉलिसी सलग सात वर्षं चालू होती. आपल्याच २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसीला सलग साठ महिने झाले की, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही. मग त्या रात्री तो कागद हवा होता कशाला? मला तर वाटतं, क्वेरी काढली की घड्याळ थांबतं, म्हणून क्वेरी काढतात. तसं नसेल तर, क्वेरी आली तरी तास चालूच राहतो, असं आपण जाहीर करावं.

मागणी मोठी नाही. अर्ज गेला, मिळाला, क्वेरी निघाली, उत्तर पोचलं, निर्णय झाला : यातल्या प्रत्येक गोष्टीचा वेळेसकट मेसेज पॉलिसीधारकाच्या मोबाईलवर यायला हवा. पार्सल कुठवर आलं हे आम्हाला घरबसल्या कळतं, मग अर्जाचं का कळू नये? जे विचारायचं ते कंपनीने एकदाच विचारावं. साठ महिने उलटलेल्या पॉलिसीवर पेशंट इमर्जन्सीत आला असेल, तर जुन्या आजारांची चौकशी पहिल्या मंजुरीच्या आड येऊ देऊ नये.

डिस्चार्जला तीन तासांपेक्षा उशीर झाला आणि रुग्णालयाने जादा पैसे लावले, तर ते कंपनीने भागधारकांच्या निधीतून सोसायचे, असं आपण लिहून ठेवलंय. त्या परिपत्रकातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य हेच. एका तासाच्या नियमाला मात्र असा दंड जोडलेला नाही. तो जोडा.

राहिलं डिपॉझिट. रुग्णालयं आमच्या अखत्यारीत येत नाहीत, असं आपलं उत्तर असेल. मान्य. पण नेटवर्क रुग्णालयाशी करार करते ती कंपनी, आणि कंपनी तर आपल्या अखत्यारीत आहे ना? कॅशलेसचा अर्ज विचाराधीन असताना इमर्जन्सीतल्या पेशंटकडून डिपॉझिट घ्यायचं नाही, हे कलम त्या करारातच येऊ द्या. कंपन्यांनी रुग्णालयात ठेवायचा मदत कक्षही रात्री उघडा असला पाहिजे. आम्ही गेलो तेव्हा तिथे दिवा होता, माणूस नव्हता.

आपला,
एक पॉलिसीधारक, नाशिक