दुरुस्ती बंद पाडणारं औषध

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार. डीएनएची दुरुस्ती नीट होत नाही म्हणून कॅन्सर होतो, मग ओलापॅरिब हे कॅन्सरचं औषध तीच दुरुस्ती आणखी का बंद पाडतं, हे आगीत तेल ओतणं नाही का, असं तू विचारलंस. वरवर तसं वाटतं खरं. पण त्या औषधाची सगळी हुशारी इथेच आहे.

मुळात डीएनए आपण समजतो तेवढा टिकाऊ नाही. ऊन, तंबाखूचा धूर हे तर झालंच. पेशीतल्या नुसत्या पाण्यानेही एकेका पेशीत रोज हजारो ठिकाणी त्याची मोडतोड होते. इतकी पडझड सोसूनही आपण जगतो, म्हणजे दुरुस्तीची सोय असलीच पाहिजे, असं धरून टोमास लिंडाल शोधाला लागले. २०१५चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँजार यांच्याबरोबर मिळालं ते याच कामासाठी.

आता ब्राका. ही जनुकं तुझ्यामाझ्यातही आहेत. डीएनएचे दोन्ही धागे एका जागी तुटले, तर शेजारच्या जुळ्या प्रतीवरून मजकूर बिनचूक उतरवून घ्यायला ती लागतात. या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जन्मतः बिघडलेली असली तरी दुसरीवर भागतं. एखाद्या पेशीत तीही गेली, की तुटलेली टोकं कशीबशी चिकटवली जातात, चुका साठत जातात, आणि त्यातून स्तनाचा, अंडाशयाचा, प्रोस्टेटचा कॅन्सर होऊ शकतो.

म्हणजे बघ, गाठीत ब्राका पूर्ण बंद, बाकी शरीरात मात्र एक प्रत चालू. औषधाने हाच फरक हेरला. पार्प नावाचं एन्झाइम एका धाग्याच्या तुटीवर काम करतं. ओलापॅरिब त्याला डीएनएवरच अडकवून ठेवतं. मग पेशी डीएनएची नक्कल काढायला गेली, की तिथे अडखळून दोन्ही धागे तुटतात. निरोगी पेशी ब्राकाच्या जोरावर सावरते, गाठीतली मरते. २००५ साली दोन संशोधक गटांनी हे दाखवलं आणि २०१४च्या डिसेंबरात अंडाशयाच्या कॅन्सरसाठी ओलापॅरिबला मंजुरी मिळाली. औषधांच्या जगात ही घाईच म्हणायची!

तसं पाहिलं तर रेडिएशन आणि बरीचशी जुनी केमोही डीएनए तोडूनच काम करतात. त्यांना आपलं-परकं तेवढं कळत नाही, इतकंच. हे नवं औषधही अगदी सोवळं नाही हं. रक्त कमी होतं, थकवा येतो.

आणि कॅन्सर महाडांबरट. काही गाठींत नव्या म्युटेशनमुळे बिघडलेलं ब्राका पुन्हा चालू होतं आणि औषध लागू पडेनासं होतं. ज्या दुरुस्तीच्या अभावी गाठ जन्मली, तिच्याच आधाराने ती तगते.

जनुकतपासणीचा रिपोर्ट हाती आला, तर नमुना रक्ताचा की गाठीचा, हे आधी बघ. रक्तात सापडलेला बिघाड बहुधा जन्मजात असतो, म्हणून तो भावंडांतही असू शकतो. गाठीत सापडलेला कधी कधी तेवढ्या गाठीपुरताच असतो.

तुझा,
मकरंद